मुलाणीसाहेबांचं ‘नाही’

‘चालतंय की’ हे दोन शब्द मुलाणीसाहेबांसमोर उच्चारायची सोय नव्हती. सायकलवाल्याने एकदा त्यांच्या सायकलचा ब्रेक घासतोय हे मान्य केलं आणि वर म्हणाला, “पण चालतंय की, साहेब.” साहेबांनी सायकल तिथेच उलटी केली. म्हणाले, “चालतंय ते मलाही दिसतंय. थांबतं का, ते सांगा.” दौंडच्या भर बाजारात, उन्हात, नवा ब्रेक बसेपर्यंत ते त्या सायकलशेजारी उभे राहिले. सायकलवाला पुढे कितीतरी वर्षं ही गोष्ट गिऱ्हाइकांना सांगायचा, आधी वैतागून आणि नंतर नंतर अभिमानाने.

दौंडला आमच्या आणि त्यांच्या घरात एकच भिंत होती. मी शाळेत विज्ञान शिकवायचे. ते राज्य सरकारच्या बॉयलर खात्यात इन्स्पेक्टर होते. ऑफिस पुण्याला, पण सोलापूरच्या लाइनवरचे बरेचसे कारखाने त्यांच्याकडे असल्यामुळे ते दौंडला सासुरवाडीच्या घरात राहायचे. उंच माणूस, पण पाठीत किंचित वाकलेला. बॉयलरच्या भोकातून आत शिरून शिरून कोपरांवर घट्टे पडलेले. एका कानाने कमी ऐकू यायचं, त्यामुळे साधं बोलणंही चार घरांना ऐकू जाई. सकाळी वर्तमानपत्र वाचताना ते त्याच्याशी भांडत. भिंतीपलीकडून आवाज यायचा, “असं कसं? पुरावा काय?” आणि त्यांच्या पत्नी, बानूभाभी, स्वयंपाकघरातून म्हणायच्या, “अहो, तो कागद आहे. तो काय जबाब देणार?”

भाभी आणखी एक गोष्ट रंगवून सांगत. निकाहाच्या वेळी काझींनी सही करायला कागद पुढे केला, तर नवऱ्यामुलाने तो आधी अथपासून इतिपर्यंत वाचायला घेतला. पंगत ताटकळली. सासरे घाबरले, मुलगा मागे सरतोय की काय. “तेव्हाच कळलं मला,” भाभी म्हणायच्या, “हा माणूस एकदा सही केली की मोडणार नाही. पण सही करेपर्यंत सगळ्यांचा जीव घेणार.”

त्यांचं काम काय ते सांगायला हवं. वाफेवर चालणारा कुठलाही बॉयलर, साखर कारखान्यातला मोठा असो नाहीतर गिरणीतला लहान, सरकारी दाखल्याशिवाय पेटवता येत नसे. वर्षातून एकदा मालकाने तो थंड करायचा, इन्स्पेक्टरने आत शिरून पत्रा हातोडीने ठोकून बघायचा, आणि मग किती दाबापर्यंत चालवायचा ते ठरवून दाखला द्यायचा. दाखला नाही तर विस्तव नाही. आणि मधेच कधीही येऊन बघायचा हक्क इन्स्पेक्टरला होता. मुलाणीसाहेब हा हक्क मनापासून वापरत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते मात्र दौंडला नव्हे, शिरूरला. तिथल्या शाळेत नोकरीला नुकतीच लागले होते. शिरूरला तेव्हा वीज आली नव्हती. तिथे भुईमुगाची एक तेलगिरणी होती, शेतकऱ्यांच्या सोसायटीची. तिचे अध्यक्ष बाजीराव आप्पा. निमोण्याचे बागाईतदार, तालुक्यात शब्दाला वजन असलेला माणूस. आप्पांनी डोकं लढवलं. गिरणीच्या वाफेच्या इंजिनाला डायनामो जोडला, पेठेत खांब उभे केले, तारा ओढल्या. शिरूरच्या पेठेत विजेचे दिवे लागणार, आणि बटण दाबायला मंत्री येणार. आम्ही शिक्षिका मुलींना घेऊन दुपारपासूनच गिरणीच्या आवारात स्वागतगीताचा सराव करत होतो. म्हणून पुढचं सगळं माझ्यासमोर घडलं.

एक खाकी कपड्यातला माणूस सायकलवरून आला. कुणाला काही न विचारता सरळ बॉयलरच्या शेडमध्ये गेला. थोड्या वेळाने आतून त्याचा आवाज आला.

“हे वजन कुणी टांगलं?”

बॉयलरवर एक झडप असते. दाब ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की ती उघडते आणि वाफ बाहेर सोडते. तिच्या दांड्यावर कुणीतरी तराजूतली लोखंडी मापं तारेने बांधली होती. म्हणजे झडप उघडणार नाही, दाब वाढेल, आणि दिवे झगझगीत लागतील.

आप्पा धावत आले. पांढराशुभ्र फेटा, नवं उपरणं.

“दस्तगीर, आज नगं रे,” ते म्हणाले. “दिवं मिणमिण करत हुतं. मंत्री येनार आन् काजव्यावानी दिवं लागलं, तर तालुक्याची इज्जत काय ऱ्हाईल? एका सांजंचा परश्न हाय. उद्या सोडतो वजन.”

“विस्तव ओढा,” मुलाणीसाहेब आगवाल्याला म्हणाले.

“आरं, ऐक तरी.”

“विस्तव ओढा.”

आगवाला दोघांकडे आळीपाळीने बघत उभा. मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण ते दोघं निमोण्याच्या एकाच शाळेतले. मुलाणीसाहेबांचे वडील गावचे मुलाणी, बलुतेदार. ते लवकर गेले, आई रोजाने शेतावर जायची आणि हा पोरगा दुपारची भाकरी बाजीरावाच्या घरी, बाजीरावाच्या ताटात खायचा. पुढे पुण्याला शिकायला गेला तोही आप्पांच्या वडिलांनी भरीला घातलं म्हणून.

आप्पांनी तेच काढलं. आवाज खाली आणून म्हणाले, “आमच्या घरची भाकरी खाल्लीयास तू.”

“खाल्लीय. ती आठवतीय म्हणूनच हितं हुबा हाय,” मुलाणीसाहेब म्हणाले. तेव्हा ते दोघं एकाच बोलीत बोलायला लागले. “ह्यो फुटला तर पयला तू जाशील, तू शेडातच हुबा ऱ्हानार. मग त्या पोरी,” त्यांनी आमच्याकडे हात केला. “दुसऱ्याची गिरण असती तरी मी हेच केलं असतं, बाजीराव. पर इतकं जड गेलं नसतं.”

“फुटंल हे कशावरनं? सकाळधरनं चाललाय.”

“चाललाय हे दिसतंय मला.”

त्यांनी स्वतः लोखंडी आकडा उचलला आणि भट्टीतला विस्तव ओढायला सुरुवात केली. मग आगवालाही लागला. दाबाचा काटा शून्यावर येईपर्यंत मुलाणीसाहेब शेंगांच्या पोत्यावर बसून राहिले. तिथून जायला हवं होतं असं त्यांना पुढे अनेकांनी सांगितलं. ते गेले नाहीत. आम्हाला वाटलं, आता संध्याकाळच्या आत हा माणूस सायकल काढून निघून जाईल. तो उठला, हौदावर तोंड धुतलं आणि मांडवात पुढच्या रांगेत येऊन बसला.

मंत्री आले. पेट्रोमॅक्स पेटवले होते. बटण होतं, हार होते, दिवे नव्हते. मंत्र्यांनी भाषणात हसत हसत पण टोचेल असं विचारलं, “हा कारभार कुणी बंद पाडला?”

“मी,” मुलाणीसाहेब उभे राहिले.

“कुणाच्या हुकमानं?”

“आपल्याच, साहेब. कायदा आपल्या सरकारचा आहे. मी फक्त वाचून आलो.”

मांडवात कुजबुज झाली. मंत्री म्हणाले, “कायदा आहे, पण माणसाने थोडं समजुतीनं घ्यावं.”

“माणसाची समजूत घालता येते, साहेब. वाफेची घालता येत नाही.”

आणि ते खाली बसले. आमच्या मुलींना कुणीतरी खूण केली आणि पेट्रोमॅक्सच्या उजेडात त्यांनी प्रकाशाचं स्वागतगीत म्हटलं. मला हसू आवरेना आणि रडूही.

पुढचं हसण्यासारखं नव्हतं. ‘मुलाण्याच्या पोरानं तालुक्याचं नाक कापलं,’ असं गावोगाव झालं. निमोण्यात त्यांची आई एकटी राहायची. त्या वर्षी भुईमूग काढायला तिला कुणी बोलावलं नाही. साहेबांची बदली खानदेशात झाली. आई त्यांच्याबरोबर गेली नाही, म्हणाली, “मी काय चोरी केली न्हाई, गाव सोडाया.” दुसऱ्या सुगीला आप्पांच्या आईनेच तिला हाताला धरून आपल्या शेतात नेलं, तेव्हा कुठे गाव निवळलं. आप्पा मात्र निवळले नाहीत. सोसायटीने दुसरा बॉयलर घेतला, रीतसर दाखला काढला, पेठेत दिवे लागले. आप्पा आणि साहेब बोलायचे बंद झाले ते झालेच.

पुढे मी दौंडला आले, तेही बदली होऊन परत आले, आणि शेजार जुळला. एकदा मी त्यांना विचारलं, “तो जुना बॉयलर भंगारात तोडला ना? पत्रा झिजून पातळ झालेला निघाला का, फुटला असता का तो?”

“मी गेलो नाही बघायला.”

“का? तुम्ही बरोबर होतात हे तरी कळलं असतं.”

“पत्रा जाड निघाला असता तर मी चूक ठरलो असतो का?” ते म्हणाले. “दाब दिसत नाही, बाई. म्हणून काटा लावतात, मर्यादा ठरवतात. मर्यादा ओलांडली की बंद. पुढं काय झालं असतं ते अल्लाला माहीत. जे घडलंच नाही त्याचा पंचनामा होत नाही.”

आता त्या दुसऱ्या प्रसंगाकडे येते, ज्यासाठी खरं तर मी हे सांगायला घेतलं.

तारापूरला अणुभट्टीचं काम सुरू झालं होतं. वर्तमानपत्रं त्याने भरलेली असायची. आमच्या शाळेने मुंबईहून एका शास्त्रज्ञाला व्याख्यानाला बोलावलं. बोलावण्याची खटपट माझी. तरुण होते, वऱ्हाडाकडचे, बोलण्यात गोडवा आणि डोळ्यांत खरं स्वप्न. त्यांनी बरोबर लाकूड आणि काचेची छोटी अणुभट्टी आणली होती, आत निळा दिवा. दौंड-शिरूरची प्रतिष्ठित मंडळी आली होती. अध्यक्षस्थानी बाजीराव आप्पा.

शास्त्रज्ञ म्हणाले, “तुमच्या दौंडवरून रोज कोळशाच्या वाघिणी जातात. उद्या त्यांची गरज राहणार नाही. आज तारापूरला मोठी भट्टी होतेय. पुढे लहान भट्ट्या येतील. तालुक्याला एक. तालुक्याच्या विहिरी, गिरण्या, शाळा, सगळं तिच्यावर चालेल.”

टाळ्या कडाडल्या. मीही वाजवल्या. खरं सांगते, मला ते निळं काचेचं खेळणं फार आवडलं होतं. आप्पा तर खुर्चीतून अर्धे उठले आणि म्हणाले, “पयली आमच्या शिरूरला द्या. जागा मी देतो.”

पुन्हा टाळ्या. त्या शमल्यावर मागच्या बाजूने तो चार घरांना ऐकू जाणारा आवाज आला.

“एक विचारायचंय. ती तपासणार कोण?”

सगळी डोकी मागे वळली. शास्त्रज्ञ हसून म्हणाले, “आमचंच खातं. सगळे तज्ज्ञ आमच्याकडेच आहेत.”

“बांधणार कोण?”

“आमचंच खातं.”

“चालवणार?”

“आम्हीच.”

“मग बंद कोण करणार?”

शास्त्रज्ञांना प्रश्न कळला नाही, किंवा असं कुणी विचारेल असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. ते म्हणाले, “बंद करायची वेळ येणार नाही. पुरेपूर काळजी घेतलेली आहे. आणि हा विषय देशाच्या सुरक्षेचा आहे, त्यात काही गोष्टी गुप्त ठेवाव्या लागतात.”

“मला अणूतलं काही कळत नाही,” मुलाणीसाहेब म्हणाले. “तुम्ही सांगता ते खरंच असणार. मला तपासणीतलं कळतं. आमच्या खात्यात एकच गोष्ट गुप्त असते, मी कधी येणार ती. बाकी सगळं दाखल्यावर लिहून भिंतीला लावायचं, आगवाल्यालाही वाचता आलं पाहिजे असं. तालुक्यातालुक्यात भट्टी देणार म्हणता. आमच्या तालुक्यातली माणसं मी ओळखतो. चांगली आहेत. वजन टांगतात.”

सभेत हशा पिकला, पण तो त्यांच्यावर उलटणारा होता. कुणीतरी ओरडलं, “बसा खाली. शिरूरला अंधार केला तेवढा पुरे.” आणखी हशा. आमच्या मुख्याध्यापकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की हे शेजारी तुमचे. मला वाटलं, उठून जावं.

तेवढ्यात आप्पांनी टेबलावर हात आपटला. 

आप्पा उभे राहिले. फेटा सारखा केला. मुलाणीसाहेबांकडे त्यांनी पाहिलंही नाही, शास्त्रज्ञांकडे वळून बोलले.

“ह्या मानसानं माझा बॉयलर बंद केला. मंत्र्यादेखत. मी त्याला लई शिव्या घातल्या. अजून बोलत न्हाई मी त्याच्याशी. पर खरं सांगू का, सायेब, ते वजन मीच टांगाया लावलं हुतं. मला कुनी इचारलं न्हाई, कारन गिरन माझी, कामगार माझं, सोसायटी माझी. न्हाई म्हननारा येकच मानूस हुता आन् तो माझ्या हाताखाली नव्हता. म्हनून म्हनू शकला. तो माझा नोकर असता, तर त्यानं दुसरं वजन आनून दिलं असतं.” ते थांबले. “तवा आता तुमी सांगा. तुमच्याकडं असा कोन हाय?”

 शास्त्रज्ञांनी त्या काचेच्या भट्टीकडे पाहिलं, निळा दिवा विझवला आणि म्हणाले, “मी याचं उत्तर आज देऊ शकत नाही.”

मला तो माणूस त्या क्षणी आवडला.

त्यांची गाडी संध्याकाळची होती. मधल्या वेळात मुलाणीसाहेब त्यांना आग्रहाने चहाला घेऊन गेले, मलाही बोलावलं. भाभींनी शिरखुर्मा केला होता, सणावाराचा दिवस नसताना. शास्त्रज्ञ जरा दुखावलेलेच होते. म्हणाले, “साहेब, तिथे काम करणारी माणसं देशासाठी परदेशातल्या नोकऱ्या सोडून आलीत. त्यांच्यावर तुमचा विश्वास नाही?”

“आहे ना,” मुलाणीसाहेब म्हणाले. “आप्पावरही आहे. त्याच्या आईनं मला जेवू घातलंय. मी वाईट माणसांचे बॉयलर तपासत नाही हो, वाईट माणसं कमी असतात. मी घाईत असलेल्या चांगल्या माणसांचे तपासतो.”

शास्त्रज्ञांनी वाटी खाली ठेवली. निघताना म्हणाले, “तारापूरला या कधी. मी दाखवतो.”

“येणार,” साहेब म्हणाले.

त्या सभेची किंमत त्यांनी भरली. सरकारी नोकराने सरकारच्या धोरणावर जाहीर सभेत टीका केली म्हणून खुलासा मागवला गेला. पुण्याला वरिष्ठांनी बोलावलं. दिलगिरी व्यक्त करा, प्रकरण मिटवतो, असं सांगितलं. बढती तोंडावर आली होती. आप्पा स्वतः दौंडला आले, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा त्या घराची पायरी चढले आणि म्हणाले, “मी मुंबईला जाऊन बोलतो.”

“नगं,” साहेब म्हणाले. “तुझ्या वजनानं सुटलो, तर मी आन् ती झडप सारखीच.”

आप्पा हसले. भाभींनी दोघांना एकाच ताटात वाढलं. मी भिंतीअलीकडून त्या दोघांचं हसणं ऐकलं. दिलगिरी साहेबांनी व्यक्त केली नाही. वरिष्ठांना म्हणाले, “मी प्रश्न विचारला, टीका केली नाही. प्रश्नाला टीका म्हणायचं असेल, तर माझी सगळी नोकरी टीका आहे.” बढती गेली. शाळेच्या समितीने मलाही विचारलं, की तो गृहस्थ सभा उधळत होता असं आपण म्हणाल का. मी म्हटलं, त्यांनी विचारलं आणि उत्तर आलं नाही, एवढंच झालं. त्यापलीकडे माझं यात काही नाही.

ते निवृत्त झाले ते इन्स्पेक्टर म्हणूनच. शास्त्रज्ञांना त्यांनी पत्रं पाठवली, मी येतोय म्हणून. पहिल्याला उत्तर आलं, अजून परवानगी मिळत नाही असं. पुढे उत्तरं बंद झाली. साहेब तरीही गेले. भाभींनी मला नंतर सांगितलं, दोनदा गेले आणि दोन्ही वेळा फाटकावरून परत आले. दुसऱ्या वेळी तिथल्या पहारेकऱ्याने त्यांना बसायला स्टूल दिलं होतं, याचंच त्यांना मोठं कौतुक.

मला ते शेवटचे दिसले ते पहिल्यांदा तारापूरला निघाले तेव्हा. दौंड स्टेशनावर, सकाळची वेळ. माझी शाळा बदलली होती, मी दौंड सोडून चालले होते, आणि त्या धांदलीत ते मला फलाटावर भेटले. इस्त्री केलेला काळा कोट, हातात डबा आणि पाण्याची सुरई.

“कुठे निघालात?”

“तारापूर.”

“परवानगी आली?”

“नाही.”

“साहेब, ते तुम्हाला आत सोडणार नाहीत.”

“माहीत आहे ना,” ते म्हणाले, फलाटावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. “पण नाही म्हणायला कुणाला तरी दारापर्यंत यावं लागेल. घरी बसलो तर तेवढंही यावं लागणार नाही त्यांना.”

गाडी आली. त्यांनी डबा आधी आत ठेवला, मग स्वतः चढले. खिडकीची जागा मिळाली. मी हात केला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. गाडी हलली तेव्हा ते समोर बसलेल्या कुणा अनोळखी माणसाला मोठ्या आवाजात काही विचारत होते, आणि तो माणूस पुढे वाकून नीट ऐकत होता.